घरमालक मिळून आला नाही

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं फारशी नव्हती. आईच्या खांद्यावरच्या पिशवीत मात्र गुलाबी, पिवळ्या, हिरव्या कागदांचे गठ्ठे असायचे. हुंड्याविरुद्ध, करणीच्या भीतीविरुद्ध, मजुरीच्या दरासाठी, दारूविरुद्ध. 'बंधू आणि भगिनींनो, जरा विचार करा' हे वाक्य मी राजा-राणीच्या कुठल्याही गोष्टीआधी वाचलं, आणि जगातली प्रत्येक गोष्ट अशीच सुरू होते असा माझा बरीच वर्षं समज होता. वाटून उरलेली पत्रकं वडिलांच्या किराणा दुकानात जायची. त्यांत तिखटाच्या नि हळदीच्या पुड्या बांधल्या जायच्या.

"गावात क्रांती मीच पोचवतो," वडील म्हणायचे. "पाव किलोच्या आत."

आता मी वर्ध्याजवळ सावंगीला खोली करून राहते, वर्ध्याच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासते आणि स्वतः पत्रकं लिहिते. ती आईच्या पत्रकांसारखी नाहीत. आईची पत्रकं सरकारला घरात बोलावतात, माझी त्याला बाहेर थांबायला सांगतात. कोणी काय खावं, कोणाशी लग्न करावं, मोबाईलवर काय लिहावं, यात सरकारचं काय काम, असं मी विचारते. एकदा एक पोलीस शिपाई छापखान्यात आला आणि माझ्या पत्रकाची प्रत मागू लागला. साहेबांना वाचायची आहे म्हणाला. मी दोन प्रती दिल्या, एक साहेबांना आणि एक त्याला. तो गोड हसला, माझा फोन नंबर लिहून घेतला आणि गेला. नंतर काहीच झालं नाही. तरी पुढचं पत्रक लिहिताना प्रत्येक वाक्यापाशी तो हसरा चेहरा मध्ये येत राहिला.

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती.

"सरकारनं तुह्या दारावर टकटक केली का तुले राग येते," ती म्हणाली. "माह्या बहिणीच्या दारावर कोणी टकटक केलीच नाई."

मावशीची गोष्ट आमच्या घरात एवढ्याच शब्दांत सांगितली जाते. तिला जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे दिली होती. नवरा पिऊन मारायचा. शेजारी म्हणायचे घरचा मामला आहे, पोलीस म्हणायचे घरगुती आहे. त्या घरगुतीतच ती मेली. तेव्हापासून आमच्या जिल्ह्यातली दारूबंदी ही आईसाठी कुठल्या कायद्याचं कलम राहिली नाही. ती तिला भिंतीसारखी वाटते, मावशीला मिळाली नाही ती भिंत.

वर्धा जिल्ह्यात दारू विकता येत नाही, बनवता येत नाही. हद्द ओलांडली की पहिली पाटी परमिट रूमची. एकच सरकार इकडे दारू पकडतं आणि तिकडे दारूवर कर घेतं. मी हे पत्रकात लिहिलं होतं. आईनं ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "खरं लिहिलं. मंग तिकडंई बंद करा म्हन ना."

आमचं गाव आष्टीच्या बाजाराला जाणारं, जंगलाला लागून असलेलं. तिथल्या बायकांच्या दारूबंदी मंडळाची आई अध्यक्ष. मंडळाची काम करायची एक रीत आहे. ज्या बाईला भट्टीचा वास पहिल्यांदा येईल तिनं दारात उभं राहून थाळी वाजवायची. ऐकणारीनं हातातलं काम टाकून निघायचं. कोणाचं घर, कोणत्या जातीचं, कोणाचा दीर-भासरा, कोणाचा भाऊ, हे विचारायचं नाही. सगळ्यांनी मिळून त्या अंगणात बसायचं, म्हणजे मडकी हलवता येत नाहीत, आणि पोलीस येईपर्यंत उठायचं नाही. पोलीस येऊन पंचनामा करतात तेव्हा पंच म्हणून सह्या याच बायका करतात. आईनं या रीतीत कधी कोणाला सूट दिली नाही. वडील दुकानात एका घरी अर्ध्या किलोच्या वर काळा गूळ देत नाहीत, कारण गुळाची दारू होते.

"सरकारचा कायदा चुकवता येते," ते गिऱ्हाइकाला सांगतात. "हिचा नाई."

थाळी सगळ्यांत मोठ्यानं वाजायची ती माझ्या मैत्रिणीच्या आईची. त्या गोंड. गावाच्या जंगलाकडच्या टोकाला त्यांची घरं आहेत. मी त्यांना काकी म्हणते; त्या मंडळात पहिल्यापासून. काका जंगल खात्यात रोजंदारीवर, उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढायच्या आणि पेटलंच तर फांद्या घेऊन धावायचं. ते पीत नसत. सणावारी देवापुढच्या दारूचं बोट जिभेला लावायचे, तेवढंच.

मैत्रीण नर्सिंग शिकायला सावंगीला आली आणि आम्ही एका खोलीत राहिलो. मग तिला आखातातल्या एका शहरात नोकरी लागली. शुक्रवारी सुट्टी असली की ती फोन करते, आणि मी दर वेळी विचारते की तिथं मोकळीक आहे का.

"भाजीत मीठ आहे का विचारल्यावाणी विचारतं तू," ती म्हणायची.

मग सांगायची. संध्याकाळची पाळी संपवून ती एकटी चालत खोलीवर येते. रस्त्यात कोणी वर डोळा करून पाहत नाही, पाहिलं तर पोलीस उचलतात. सावंगीत आम्ही दोघी पाणीपुरी खाऊन परतायचो तेव्हा मुठीत किल्ली टोक बाहेर काढून धरलेली असायची. पण तिथं तिचा पासपोर्ट आल्या दिवशीच ऑफिसात जमा झाला. देशाबाहेर जायला वरच्याची सही लागते. तिच्या खोलीतली फिलिपिन्सची मुलगी जेवताना सरकारचा विषय निघाला की ताट घेऊन उठते.

तिच्याबरोबर शिकलेली एक जण जर्मनीत आहे. तिथं घर बदललं की कचेरीत जाऊन नवा पत्ता नोंदवावाच लागतो, नाहीतर दंड. तीच मुलगी पगारासाठीच्या मोर्चात सरकारच्या नावानं ओरडत निघाली तेव्हा पुढे पोलीस चालत होते आणि मोर्चासाठी चौकातल्या गाड्या थांबवत होते. मला हे इतकं आवडलं की मी त्यावर पत्रक लिहिलं. सरकार मोजकं असावं, फाटकावरच्या राखणदारासारखं, चोर आला तर धावणारं आणि घरात काय शिजतं ते न हुंगणारं, असा त्याचा शेवट होता.

मैत्रिणीनं वाचून कळवलं, "छान आहे. पण चोर घरातलाच असला तं?"

काका गेले ते जंगलातून आल्यावर. वणवा विझवून घरी आले, छातीत दुखते म्हणाले, भिंतीला टेकून बसले आणि तसेच राहिले. मैत्रिणीच्या ऑफिसात ज्यांची सही लागत होती ते रजेवर होते. ती दाराबाहेर खुर्चीवर बसून राहिली. सही झाली तेव्हा काकांना माती देऊन झालं होतं. तिनं ते माझ्या मोबाईलवर पाहिलं. मी खड्ड्याच्या काठावर उभी राहून हात वर धरला होता, आणि पडद्यावर तिचा युनिफॉर्ममधला चेहरा होता. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "थोडं खाली धर. पाय दिसू दे."

त्यांच्या कुळात माणूस गेला म्हणजे लगेच पितरांत जमा होत नाही. पुढच्या उन्हाळ्यात नवी मोहफुलं वेचून झाली की त्याला मिळवायचं असतं. काकींच्या परसाच्या टोकाला मोहाचं झाड आहे, त्याच्याखाली कुळाचे दगड ओळीनं उभे आहेत. त्या ओळीत त्याचा दगड बसतो आणि त्याच्या पायाशी मोहाच्या दारूची धार सोडतात. ती विकतची चालत नाही. त्याच्याच झाडाची फुलं, त्याचीच चूल, आणि काढणाऱ्यानं उपाशी राहून काढलेली. धार पोटच्या लेकरानं सोडायची. ते होईपर्यंत माणूस आपल्याच घराबाहेर उभा असतो, काकी म्हणाल्या. आत येता येत नाही, जाताही येत नाही.

मैत्रीण त्यासाठी रजा घेऊन आली. मातीला नव्हते, याला तरी असू दे, एवढंच ती म्हणत होती. आणि अडचण अशी की आपल्या चुलीवर मोह उकळणं हा आमच्या जिल्ह्यात गुन्हा. गुन्हा तिच्या नावावर लागला तर पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मिळणार नाही आणि दाखल्याशिवाय पुढचा करार होणार नाही. घर तिच्याच नोकरीवर चालत होतं.

काकी हे गुपचूप करू शकल्या असत्या. त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"बाई, तुले सांगितल्याबिगर माह्यानं होत नाई. लोकायच्या दारात थाळी मीच वाजवते."

"मंग सांगू नको," आई म्हणाली.

"काऊन?"

"सांगितलं तं मले नाई म्हणा लागते."

"हो म्हन."

"तुले हो म्हटलं का उद्या नाल्यावरचा येते. त्याले काय सांगू? त्याले पितर नाईत का?"

नाल्यावरचा म्हणजे गावात विकायला दारू काढणारा. बायकांनी त्याची भट्टी इतक्यांदा मोडली होती की तो आता मडकी घाऊकच आणतो, असं लोक हसून म्हणायचे.

वडिलांनी दुकानातून मान बाहेर काढली. "हद्दीपलीकडून सीलबंद बाटली आणा. कर भरलेली. कोणी बोट नाई दाखवत."

काकी हसल्या. "कारखान्यातली? त्या बाटलीत त्याले कोण ओळखते, भाऊ?"

मी आईशी त्या दिवशी खूप भांडले. तू आता सरकारच झालीस, म्हणाले. दुसऱ्याच्या चुलीत, दुसऱ्याच्या मेलेल्या माणसात लुडबूड करणारं सरकार. आई तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

"व्हय. झाली सरकार," ती म्हणाली. "गावात कोणी तरी व्हावं लागते. नाईतं जो जोरात मारते तोच सरकार राह्यते."

मी मैत्रिणीकडे गेले आणि सांगितलं की यावर पत्रक काढते, नावानिशी, जिल्हाभर वाटू. ती दगडाची जागा सारवत होती. तिनं शेणाचे हात तसेच ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"माह्या बापाचं काम आहे हे," ती म्हणाली. "तुह्या पत्रकाचं नाई. तू फक्त येजो."

ज्या सकाळी मोह चुलीवर चढणार होता त्या सकाळी मी गेले नाही, घरीच थांबले. आईवर नजर ठेवायची होती. ऊन चढलं, वारा जंगलाकडून गावात आला आणि वास आला. मोह उकळतानाचा वास गोडसर, जड असतो, तो लपत नाही. आई अंगणात उभी होती. तिनं तो घेतला हे मी पाहिलं. ती आत गेली आणि पाण्याचा माठ भरू लागली, जो भरलेलाच होता.

तेवढ्यात खालच्या आळीत थाळी वाजली. वाजवणारी एक नवी सून होती. तिचा नवरा पितो, आणि मंडळात आल्यापासून तो तिच्यावर हात टाकायला कचरतो. कोणाचं घर हे पाहायचं नाही असं तिला आईनंच शिकवलं होतं. तिनं पाहिलं नाही.

बायका आमच्या दारात जमल्या. कोणाला ठाऊक होतं, कोणाला नव्हतं. आईनं चपला घातल्या.

"तू गेली तं मी तुझ्याशी बोलणार नाही," मी म्हणाले.

"नको बोलू," ती म्हणाली. "चाल."

काकी चुलीपाशी बसल्या होत्या. मडक्यावर मडकं, नळीखाली छोटी घागर. मैत्रीण मागे, केस ओले, तोंड उपाशी माणसाचं. बायकांना पाहून काकी उठल्या नाहीत. मंडळातल्याच त्या, पुढे काय होतं ते त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. आई चुलीपाशी गेली, घागरीत पाहिलं आणि मागे वळून म्हणाली, "बसा."

बायका बसल्या.

"फोन लावू का, बाई?" नव्या सुनेनं विचारलं.

"बसा म्हटलं."

"बसून काय करू?"

"बसून राह्य."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "अध्यक्षीणबाई, बसवलंच आहे तं जेवण आहे का मंग?" दोघी-तिघी हसल्या. काकीही हसल्या, पदर तोंडाला लावून. मला वाटलं, झालं. आईनं कायदा मोडला नाही, पाळलाही नाही, नुसता अंगणात बसवून ठेवला. मला तिचा अभिमान वाटला, आणि तो वाटायला लागतो न लागतो तोच मोटारसायकलचा आवाज आला.

गावाचं बीट सांभाळणारे पोलीस जमादार आणि एक शिपाई. कुंपणापलीकडे नाल्यावरचा उभा होता, हाताची घडी घालून. फोन त्यानं केला होता.

"तुमीच बसल्या आहात इथं?" जमादार आईला म्हणाले. "मंग फोन दुसऱ्याचा काऊन?"

"त्याले आमच्यापेक्षा जास्त काळजी आहे दारूबंदीची," आई म्हणाली.

जमादार आमच्याकडचेच, मोह काय आणि दगड कशाचे हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "कंट्रोलले फोन गेला, ताई. नोंद झाली. आता मले काईच नाई दिसलं म्हणता येत नाई. शूटिंग करा लागते सगळं. पहिलेसारखं नाई राह्यलं."

"काय करा लागते ते सांगा."

"मुद्देमाल जागेवर नष्ट."

"नष्ट म्हणजे?"

"ओतून देणं. जमिनीवर."

आईनं विचारलं, "कोणत्या जमिनीवर?"

जमादारांनी तिच्याकडे पाहिलं. मग परसाच्या टोकाकडे पाहिलं. "कोणत्याई," ते हळू म्हणाले.

"अन् कोणाच्या हातानं?"

"हाताचं काई लिहिलेलं नाई."

"मंग पोरगी ओतीन. त्या झाडाखाली."

कोणी काही ठरवलं नाही, पण बायका उठल्या आणि दोन्ही बाजूंना सरकल्या. मैत्रिणीनं घागर उचलली. काकी तिच्या बाजूनं चालताना हलक्या आवाजात गोंडीतून बोलत होत्या. शिपाई मोबाईल धरून पुढे पुढे, उलटा चालत होता. ती दगडापाशी वाकली आणि धार सोडली. सावकाश, घागर रिकामी होईपर्यंत.

"थोडं इकडे या, ताई," शिपाई म्हणाला. "दगड मधात येते."

कोणी हललं नाही. त्यानंच जागा बदलली.

मग जमादारांनी कागद काढला. "कोणाची म्हणून लिहू?"

मैत्रीण माझ्या शेजारी उभी होती. तिनं श्वास घेतला. ती 'माझी' म्हणणार होती, यात मला शंका नाही. आईनं तिच्या हातावर हात ठेवला आणि जमादारांना म्हणाली, "घर कोणाच्या नावावर आहे ते पाहा."

घर काकांच्याच नावावर होतं. नाव बदलायला कोणाला सवड झाली नव्हती. जमादार काकांना ओळखत होते. वणव्याच्या वेळी पोलिसांना वाट दाखवायला काकाच जायचे. जमादार म्हणाले, "ते तं..." आणि थांबले. आईकडे पाहिलं. मग कागद मांडीवर घेऊन लिहू लागले आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. घरझडतीत मोहाचा आंबवलेला सडवा व गावठी दारू मिळाली. घरमालक जागेवर मिळून आला नाही.

"पंच?"

आईनं सही केली. तिच्याखाली त्या म्हातारीनं अंगठा दिला. नवी सून सही न करताच घरी निघून गेली.

पोलीस गेल्यावर काकींनी सगळ्यांना वाढलं, कारण त्या कामाला आलेलं माणूस उपाशी जात नाही. मैत्रीण जेवली नाही. ती आईसमोर येऊन उभी राहिली.

"मले बोलू काऊन नाई देल्लं, काकू?"

"नोकरी गेली असती, बेटा."

"माही गेली असती."

"तुह्या मायनं काय खाल्लं असतं?"

"ते मी पाह्यलं असतं. तिकडं माह्या तोंडावर हात ठेवतात ते समजते मले. परके हात ते. माह्या बापानं कधी कोणाचं चिमूटभर नेलं नाई, अन् आता तो फरार आहे. अन् मी तिथंच उभी होती."

मी मध्ये पडून म्हणाले की दोष कायद्याचा आहे, आईचा नाही. मैत्रीण म्हणाली, "तू तं बोलूच नको." तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. रजा संपल्यावर ती परत गेली. दाखला मिळाला होता. तिच्या नावावर काहीच नव्हतं.

पुढे आई ज्याला भीत होती ते झालं. नाल्यावरच्यानं आपल्या भट्टीपाशी एक दगड उभा केला, त्याला शेंदूर फासला आणि थाळी वाजल्यावर बायका गेल्या तेव्हा हात जोडून म्हणाला, "आमचेई पितर आहेत, माय." बायकांनी आईकडे पाहिलं. काकी पुढे झाल्या.

"उपाशी आहे का तू?" त्यांनी विचारलं.

त्याच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. बायका हसल्या आणि त्याचं मडकं उपडं झालं. पण परत येताना नवी सून आईला म्हणाली, "आता थाळी वाजवाच्या आधी कोणाले विचाराचं ते सांगून ठेवा." त्यानंतरच्या बैठकीला ती आली नाही. तिच्या घरातून पुन्हा आवाज येऊ लागलेत, शेजारची सांगते. आई दोनदा तिच्या दारापर्यंत गेली. दार उघडलं नाही.

या पावसाळ्यात एक शिपाई काकांच्या नावाची नोटीस घेऊन आला. काकींनी त्याला परसात नेलं आणि दगड दाखवला. तो बराच वेळ तिथं उभा होता. मग आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि पाणी मागितलं. आता हे कोर्टात जाईल, म्हणाला, आणि पंचाला बोलावतील. माणूस आधीच गेला होता हे तुम्हाला ठाऊक होतं का, हा पहिला प्रश्न असेल. शूटिंगही सरकारजमा आहे, त्यात ओतणारी पोरगी स्वच्छ दिसते.

तो गेल्यावर आईनं मला विचारलं. तिनं मला असं कधी काही विचारलं नव्हतं.

"खरं सांगितलं तं पोरगी अडकते. खोटं सांगितलं तं मी खोटी. काय सांगू?"

मी सांगू लागले की असा कायदाच नसावा, आपल्या माणसाला आपल्या चुलीवरचं द्यायला कोणत्याच देशात परवानगी लागू नये.

"ते पत्रकात लिहिजो," आई म्हणाली. "कोर्टात उभी मी राह्यन. मले काय म्हणाचं ते सांग."

रात्रंदिवस वाक्यं जुळवणारी मी, आईला साक्षीसाठी एक वाक्य देऊ शकत नाही. मावशीच्या दारावर कोणी यायला हवं होतं. काकींच्या दारावर कोणी यायला नको होतं. येणारं सरकार एकच, मोटारसायकलही तीच, आणि आईनं त्याला एका दारावर न्यायचं आणि दुसऱ्या दारावरून परतवायचं एकटीनं ठरवलं. ठरवलं ते बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं. पण त्या सुनेचं दार बंद आहे.

शुक्रवारी मी मैत्रिणीला सगळं सांगितलं. मागे कुठल्यातरी यंत्राचा आवाज येत होता.

"काकूले म्हणाव, खरं सांगजो," ती म्हणाली.

"तुझा करार?"

"तो माह्यावर सोड. मले त्या दिवशी बोलू देल्लं नाई ना. आता काकूच्याच तोंडून येऊ दे, दारू कोणाची होती ते. माह्या बापाच्या नावावरचं काढ म्हणाव अन् माह्या नावावर टाक."

मी निरोप आईला जसाच्या तसा सांगितला. ती वडिलांच्या दुकानात गूळ तोलत होती. तिनं पुडी बांधली, गिऱ्हाइकाला दिली, तो लांब जाईपर्यंत थांबली.

"असं म्हणाली?"

"असंच."

"अन् तिच्या मायले विचारलं का तिनं?"

तूच विचार, म्हणून मी फोन तिच्यापुढे धरला. तिनं तो कानाला लावला नाही, आणि परतही केला नाही. काउंटरवर ठेवून घेतला.